मग तपासलं काय होतं?

माझ्या कपाटात एक जुनी फाइल आहे. तिच्यात २०१० सालच्या फेब्रुवारीतला एका प्रयोगशाळेचा अहवाल आहे. डावीकडे कीटकनाशकांची आणि बुरशीनाशकांची नावं एकाखाली एक, उजवीकडे बहुतेकांपुढं एकच शेरा, ‘आढळलं नाही’. दोन-तीन ओळींत आकडे आहेत, पण तेही मर्यादेच्या पुष्कळ आत. शेवटच्या पानावर सही आणि शिक्का. पहिल्या पानावर जो प्लॉट नंबर छापलाय, तो माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, दोन एकर थॉम्पसनच्या बागेचा.

आमचं गाव भूम तालुक्यातलं. बालाघाटच्या माथ्यावरचा हा मुलूख बाहेरच्यांना माहीत असतो तो खव्यामुळं, नाहीतर कुंथलगिरीच्या पेढ्यामुळं. द्राक्षाचा विषय निघाला की लोक नाशिक आणि सांगलीचं नाव घेतात, फार तर सोलापूरपर्यंत येतात. तरीही विहीर, शेततळं आणि ठिबक यांच्या जोरावर तात्यांनी बाग उभी केली होती. मी तेव्हा एका निर्यातदाराच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटी सुपरवायझर होतो. ‘तात्या, निर्यातीला नोंद करा’, हे त्यांना मीच सांगितलं. नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस आला तेव्हा त्याच्याबरोबर ओळी-ओळींतून मीच फिरलो. आणि अहवाल हातात पडल्यावर फोन करून मीच म्हणालो, ‘रिपोर्ट क्लीन आहे, कात्री लावा.’

मार्चमध्ये माल जहाजावर चढला. एप्रिलमध्ये कळलं की तिकडच्या तपासणीत आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडलंय आणि माल अडकलाय. अहवालातली सगळी पानं मी पुन्हा वाचली. ते नाव त्यात कुठंच नव्हतं. सौदा बांधीव भावाचा नव्हता. तिकडं विकेल त्या भावातून खर्च वजा, असा होता. त्यामुळं महिन्याभरानं पैशांऐवजी वजावटींचा कागद आला. तात्या ओसरीवर अहवाल घेऊन बसले. इंग्रजी नावं त्यांना वाचता येत नव्हती, पण एकाही ओळीवर लाल खूण नाही एवढं दिसत होतं. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘आरं, मंग तपासलं काय हुतं?’

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. पुढं मिळेल ते वाचत गेलो. द्राक्षाच्या पेटीवर आज जे नंबर आणि शिक्के असतात, ते कुठून आले, कुणी मागितले, कशामुळं मागितले, याचा तो शोध होता. हा लेख त्यातूनच झालाय.

बार्शीचा कडता

भूममध्ये खवा घेणारा व्यापारी भट्टीवर येतो, चिमूटभर खवा दोन बोटांत चोळतो, तूप सुटतं का बघतो, धुराचा वास येतो का बघतो, जिभेवर ठेवतो. पिठाची शंका आलीच तर आयोडिनचा थेंब टाकतो. निळं झालं की संपलं. पण बहुतेक वेळा एवढं करावंच लागत नाही, कारण भट्टी कुणाची आहे ते त्याला ठाऊक असतं. माल आणि माणूस एकाच ठिकाणी उभे असतात. प्रतवारीची सगळ्यात जुनी पद्धत हीच.

अंतर वाढलं की ही पद्धत ढिली पडते. आमच्या भागातला शेतमाल पिढ्यानपिढ्या बार्शीला जात आला. भूम निजामाच्या मोगलाईत, बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि ती पेठ आणखी मोठी झाली. आडतीवर माल गेला की शेतकऱ्याला भेटायचा तो कडता. धूळ आहे, ओल आहे, दाणा बारीक आहे, म्हणून वजनातून इतकं कापलं. किती कापायचं ते ठरवणार व्यापारी, आणि भाव ठरणार रुमालाखाली बोटं दाबून. मालाची प्रत काय, हे सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे होता.

याला आळा घालायला कायदे आले. वऱ्हाडात १८९७ मध्ये कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला, निजामाच्या राज्यात १९३० मध्ये शेतमाल बाजारांचा, मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये. १९३७ च्या प्रतवारी आणि चिन्हांकन कायद्यातून ‘अ‍ॅगमार्क’ आलं. निर्यातीच्या द्राक्षपेटीला आजही अ‍ॅगमार्कचा दाखला लागतो, तो याच वंशावळीतला. त्या सगळ्यामागं कल्पना एकच होती: प्रत म्हणजे कुणाची मर्जी नसावी, ती लिहून ठेवलेली असावी आणि दोन्ही बाजूंना वाचता यावी.

पण या कायद्यांना जी प्रत माहीत होती, ती डोळ्यांना दिसणारी होती. दाणा, रंग, ओल, कचरा. न दिसणाऱ्या गोष्टीची मोजणी फळांच्या व्यापारात दुसऱ्याच वाटेनं आली.

बिअर आणि सफरचंदं

१९०० साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या परिसरात बिअर पिणारे लोक आजारी पडू लागले. हातापायांना मुंग्या, अंगावर डाग, लुळेपणा. सहा हजारांहून जास्त लोकांना बाधा झाली, सत्तरेक दगावले. कारण निघालं ते आर्सेनिक, म्हणजे सोमल. बिअरसाठी लागणारी साखर ज्या गंधकाम्लानं तयार केली होती, त्या आम्लातच सोमल होता. लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि १९०३ च्या अंतिम अहवालात त्यानं मर्यादा सुचवली: एक पौंड अन्नात एक शतांश ग्रेन. आजच्या मापात किलोला साधारण १.४ मिलिग्रॅम.

फळांचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. पण त्याच काळात अमेरिकेतले बागायतदार सफरचंदातल्या अळीसाठी लेड आर्सेनेट फवारत होते, आणि ती सफरचंदं जहाजानं लंडनला जात होती. १९२५ मध्ये लंडनमधल्या आजारपणाच्या एका प्रकरणाचा माग अमेरिकन सफरचंदांपर्यंत गेला आणि आरोग्य खात्यानं ती तपासायला घेतली. मोजपट्टी कोणती, तर बिअरच्या वेळची. माल थांबवण्याची धमकी आली. अमेरिकन बागायतदारांनी आधी हा इंग्रजांचा व्यापारी कावा आहे असा ओरडा केला. मग निमूटपणे पॅकिंगच्या शेडमध्ये सौम्य आम्लात सफरचंदं धुवायची यंत्रं बसवली.

मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. परदेशी जाणाऱ्या सफरचंदाला एक शतांश ग्रेनची मर्यादा लागली. अमेरिकेतच विकायच्या सफरचंदाला मात्र १९२७ मध्ये त्याच्या अडीचपट मोकळीक होती. ती दरवर्षी थोडीथोडी आवळत १९३२ मध्ये इंग्रजी मर्यादेपर्यंत आणली गेली. म्हणजे पाच वर्षं एकाच झाडाच्या दोन फांद्यांना दोन नियम होते, आणि घरच्या माणसांच्या वाट्याला सैल नियम होता.

किडीचंही असंच. स्पेनमधल्या अल्मेरियाची द्राक्षं लाकडी पिंपांत बुचाच्या भुश्यात भरून आठवडेच्या आठवडे प्रवास करायची आणि टिकायची. अमेरिकेनं १९२० च्या दशकात भूमध्य फळमाशीच्या भीतीनं त्यांना दार बंद केलं, आणि तो व्यापार खचला. द्राक्षांत खोट नव्हती. खोट होती ती त्यांच्याबरोबर येऊ शकणाऱ्या माशीची. २०१४ च्या १ मे पासून युरोपनं भारतातल्या आंब्याला बंदी केली तेव्हा कोकणात जो हलकल्लोळ झाला, त्याच्या मुळाशीही फळमाशीच होती. ती बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, तोवर उष्णजल आणि उष्णबाष्प प्रक्रियांची शिस्त बसवावी लागली.

दोन द्राक्षं

आता द्राक्षांकडं येऊ. मराठवाड्याला द्राक्ष नवं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात अशी नोंद त्यानं केली आहे. पण निर्यातीचं द्राक्ष म्हणजे थॉम्पसन सीडलेस, ते मूळचं इराणकडचं, आणि त्याला नाव मिळालं ते १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसननं लावलेल्या वेलींवरून. महाराष्ट्रात त्याच वेलीतून पुढं तास-ए-गणेश आणि सोनाका निवडले गेले. सोनाका तर आमच्या शेजारचा, उत्तर सोलापुरातल्या नान्नजचा, नानासाहेब काळे यांच्या बागेतला.

१९९१ मध्ये महाराष्ट्रातल्या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी केली. पणन मंडळ आणि अपेडा पाठीशी होते. तेव्हा शिकायचं होतं ते दिसणाऱ्या प्रतीबद्दल. युरोपला घड कसा हवा? मणी एकसारखे, १६-१८ मिलिमीटरचे, देठ हिरवा, मण्यावरची पांढरी लव न पुसलेली. त्यासाठी विरळणी, जिबरेलिक आम्लात घड बुडवणं, कात्रीनं एकेक मणी काढणं. तोडल्यावर काही तासांत पूर्वशीतकरण, मग शून्य अंशाच्या आसपास शीतगृह. पेटीत गंधकाचा कागद: पेटीतल्या दमट हवेनं त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो आणि बुरशी रोखतो, जास्त सुटला तर मणी पांढरे पडतात. न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला पोचायला तीनेक आठवडे, आणि तोवर देठ वाळता कामा नये. सुरुवातीच्या वर्षांत बराच माल तिकडं नापसंत झाला. तिकडच्या दुकानदाराच्या डोळ्यांसमोर चिलीचं द्राक्ष होतं.

पण चिलीची स्वतःची गोष्ट वेगळीच होती. १९८९ च्या मार्चमध्ये सान्तियागोतल्या अमेरिकन दूतावासात एक निनावी फोन आला: फळांत विष घातलंय. फिलाडेल्फियाच्या बंदरात शोधाशोध झाली आणि दोन द्राक्षांत सायनाइडचा अगदी बारीक अंश सापडला. दोन मण्यांत. अमेरिकेनं चिलीची सगळी फळं थांबवली, दुकानांतून माल काढून घ्यायला लावला. हंगाम ऐन भरात होता. आणखी कुठं काही सापडलं नाही. चिलीच्या बागायतदारांनी पुढं अमेरिकेच्या न्यायालयात दाद मागितली, भरपाई मिळाली नाही.

सोमलाच्या सफरचंदांचा धडा होता की न दिसणारं मोजा. चिलीच्या द्राक्षांचा धडा निराळा होता. एक पेटी संशयाची निघाली तर ती नेमकी कोणत्या बागेतली, हे सांगता आलं पाहिजे. नाहीतर अख्ख्या देशाचा माल समुद्रात जातो.

बागेला नंबर

१९९० मध्ये इंग्लंडमध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला. त्यात दुकानदाराला एक बचाव दिला होता: योग्य ती सगळी दक्षता घेतली असं सिद्ध केलं तर तो सुटेल. आता हजारो किलोमीटरवरच्या मालाबाबत दक्षता घेतली हे सिद्ध कसं करायचं? कागदानं. १९९६ मध्ये ‘मॅड काऊ’ रोगाचा माणसाशी संबंध असल्याचं ब्रिटिश सरकारनं कबूल केलं आणि गिऱ्हाइकाचा विश्वास आणखी ढासळला. १९९७ मध्ये युरोपातल्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी मिळून ‘युरेपगॅप’ सुरू केलं. २००७ पासून त्याचं नाव ‘ग्लोबलगॅप’. शेतकऱ्यानं काय फवारलं, कधी, किती, कुणी, पाणी कुठलं, औषधाची खोली कुठं, कामगारांना हात धुवायला साबण आहे का, या सगळ्याची लेखी नोंद आली. हा सरकारी कायदा नव्हता. पण तो पाळला नाही तर माल उचलणारं कुणी नव्हतं.

आपल्याकडं खरा धक्का २००३ मध्ये बसला. नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि अ‍ॅसिफेट या कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि सगळ्या युरोपात इशारा गेला. पुढच्या हंगामापासून निर्यातीच्या द्राक्षांसाठी अंशतपासणीचा कार्यक्रम सुरू झाला. पुण्याचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्याची संदर्भ प्रयोगशाळा झालं. २००६ मध्ये अपेडानं ‘ग्रेपनेट’ आणलं. प्रत्येक बागेची कृषी खात्याकडं नोंद, प्रत्येक प्लॉटला नंबर, त्या नंबरावर नमुना, त्याच नंबरावर अहवाल, तोच माग पॅकहाऊसमधून पेटीपर्यंत. अहवालात दोष निघाला की तो प्लॉट संगणकावरच अडतो, बाकीचे चालू राहतात. चिलीला १९८९ मध्ये जे सांगता आलं नव्हतं ते आता नाशिकच्या किंवा भूमच्या एका पेटीवरून सांगता येत होतं.

तात्यांनी तो नंबर पत्र्याच्या पाटीवर पिवळ्या रंगानं रंगवून बांधावर लावला होता. बार्शीच्या आडतीत त्यांचा माल आयुष्यभर ‘भूमकडला’ म्हणून गेला. त्या नंबरानं पहिल्यांदा तो त्यांचा माल झाला. पाहुणे आले की ते आधी पाटी दाखवायचे, मग बाग.

यादीत नसलेलं नाव

क्लोरमेक्वाट क्लोराईडला बागायतदार ‘सीसीसी’ म्हणतात. ते कीटकनाशक नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर वेल नुसता शेंड्याकडं धावतो; सीसीसीनं ती वाढ थांबते, काडी जाड होते आणि डोळ्यांत घड धरतो. भारतात द्राक्षासाठी त्याची रीतसर नोंदणी होती, वर्षानुवर्षं वापर होता, दुकानात उघड मिळायचं. ते कुणी चोरून मारत नव्हतं.

युरोपनं १ सप्टेंबर २००८ पासून सगळ्या देशांसाठी अंशांच्या मर्यादा एकसारख्या केल्या. द्राक्षातल्या सीसीसीची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. मी एकदा हिशेब केला: बारा टनांच्या कंटेनरमध्ये सगळं मिळून अर्ध्या ग्रॅमहून जरा जास्त, चिमूटभर मिठाएवढं. इथं एक सांगायला हवं. ही मर्यादा ओलांडली म्हणजे फळ विषारी झालं, असा अर्थ होत नाही. ज्या औषधाचा त्या पिकावरचा वापर तिकडं मान्य नाही, त्याची मर्यादा यंत्राला भरवशानं मोजता येईल अशा सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवतात. ती धोक्याची रेघ नसून ‘हे आमच्याकडं नको’ अशी रेघ असते.

मग आपल्या प्रयोगशाळेत ते का दिसलं नाही? एक कारण साधं: आपल्या त्या वेळच्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. दुसरं कारण मला फार उशिरा समजलं. एका नमुन्यातून शंभरेक औषधं एका फटक्यात शोधायची जी पद्धत असते, तिच्यात द्राक्षाचा रस सेंद्रिय द्रावकात घुसळतात. औषधं द्रावकात येतात, साखर आणि पाणी मागं राहतं. सीसीसी हा क्षार आहे. तो मिठासारखा पाण्याबरोबरच राहतो. त्याला शोधायला वेगळी पद्धत, वेगळी चाचणी लागते. म्हणजे तात्यांचा नमुना त्या महागड्या यंत्रासमोर गेला तेव्हा सीसीसी आधीच मोरीत ओतून दिलेल्या भागात होता. यंत्र खोटं बोललं नाही. त्याला विचारलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट. सीसीसी एका हंगामात संपत नाही. ते लाकडात, काडीत, ओलांड्यात मुरतं आणि पुढच्या वर्षीच्या फळात उतरतं. युरोपला हे चांगलं माहीत होतं, कारण त्यांच्याच नाशपातीच्या बागांत हे घडलं होतं. तिथं वापर बंद केल्यावरही वर्षानुवर्षं फळांत अंश येत राहिले, आणि त्या झाडांसाठी युरोपनं तात्पुरती वाढीव मर्यादा ठेवून ती टप्प्याटप्प्यानं उतरवली. द्राक्षाच्या वेलीला तशी मुदत नव्हती. नियम करणाऱ्यांच्या बैठकीत नाशपातीवाला होता. तात्या नव्हते.

म्हणून तात्यांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं: तपासलं ते आधी जे घडून गेलं होतं ते. यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे कुणाचा तरी जुना अपघात. सोमल १९०० च्या बिअरमुळं, नंबर चिलीच्या दोन मण्यांसारख्या घबराटींमुळं, मेथोमिल २००३ मुळं. आणि सीसीसीची ओळ पुढच्या हंगामात आली, ती आमच्यासारख्यांच्या अडकलेल्या कंटेनरांमुळं. नियम विकत घेणाऱ्याच्या भीतीतून तयार होतो, आणि त्याची पहिली किंमत पिकवणारा भरतो.

वही

हे उत्तर खरं आहे, पण पुरं नाही. त्याच फाइलमध्ये दुसरा एक कागद आहे, तो मी बरीच वर्षं कुणाला दाखवला नाही.

ग्लोबलगॅपसाठी फवारणीची वही लागते. तात्यांची वही दोनशे पानी, रेघांची. एप्रिल २००९ च्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: ‘सीसीसी, पाच पानांवर.’ आठवड्यानं पुन्हा: ‘सीसीसी.’ पानाच्या तळाशी तपासणाऱ्याची सही आहे. ती माझी आहे.

युरोपच्या मर्यादांची यादी गुप्त नव्हती. २००८ पासून ती कुणालाही बघता येत होती. तात्यांच्या वहीतलं एकेक नाव त्या यादीशी ताडून बघायला मला एक संध्याकाळ लागली असती. मी वहीत तारखा भरल्यात का, रकाने रिकामे नाहीत ना, एवढं बघितलं. ऑडिटला तेवढंच लागायचं. तात्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांनी खरं ते लिहून माझ्या हातात दिलं होतं, आणि मी प्रयोगशाळेच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून ते वाचलं नाही. खवा घेणारा व्यापारी भट्टीवाल्याला निदान विचारतो तरी, ‘आज म्हशीचं हाय का मिसळ?’ मी माझ्या चुलत्यांना काय फवारलं ते कधी विचारलंच नाही.

हे मी त्यांना २०११ च्या हंगामात सांगितलं. त्या वर्षी त्यांनी सीसीसीला हात लावला नव्हता, तरी लाकडातलं फळात उतरलं आणि प्लॉट युरोपसाठी अडला. बांधावर व्यापारी आला आणि सगळी बाग देशातल्या बाजारासाठी घेऊन गेला. मी कबुली दिल्यावर तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तू न वाचल्याचं जाऊ दे. मला ह्ये सांग, तिकडच्या लेकरांला जे चालत न्हाई, ते हिकडच्या लेकरांला चालतं व्हय?’

मी त्यांना रेघ आणि धोका यांतला फरक समजावायला लागलो. वर लिहिलंय तसाच. त्यांनी ऐकून घेतलं. पण त्यांचा प्रश्न तो नव्हता. धोका आहे की नाही हे इथं बघतंय कोण, असं ते विचारत होते. आपल्याकडंही अन्नात किती अंश चालेल याच्या कायदेशीर मर्यादा आहेत. पण एसटी स्टँडसमोरच्या गाड्यावरच्या द्राक्षाला प्लॉट नंबर नसतो. ते कुणाच्या बागेतलं, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अमेरिकेत दोन फांद्यांचा नियम एक व्हायला पाच वर्षं लागली होती. तात्यांची निर्यातीची पाटी आणि तोच माल देशात नेणारा टेम्पो मी एकाच बांधावर बघितलाय.

२०१२-१३ च्या दुष्काळात विहीर आटली. टँकरनं बाग जगवायचा खर्च झेपेना, तात्यांनी वेल काढून टाकले आणि लोखंडी अँगल विकले. आता दोन म्हशी आहेत, दूध भट्टीवर जातं. नंबराची पाटी गोठ्याच्या खिडकीला ठोकलीय, पिवळा रंग अजून दिसतो.

मी नोकरी सोडून आता गावोगावी बागायतदारांना फवारणीच्या नोंदी कशा ठेवायच्या ते शिकवतो. सुरुवातीला तात्यांचा अहवाल आणि वहीचं ते पान अशा दोन झेरॉक्स वाटतो आणि म्हणतो, वहीतलं कुठलं नाव अहवालात नाही ते शोधा. पाच-दहा मिनिटं जातात. बहुतेक वेळा मागच्या रांगेतला कुणीतरी म्हातारा आधी हात वर करतो.

मग विचारतो, आता आपापल्या वह्या काढा.